वर्षभराच्या वाचनाची नोंदवही: पहिल्यांदा सुरू करणाऱ्यांसाठी

वाचनाची नोंद मी पहिल्यांदा ठेवली ते वर्ष २०११. एका दोनशेपानी वहीत त्या वर्षी मी ४३ पुस्तकांची नावे, लेखक, वाचून संपल्याची तारीख आणि पाचपैकी किती तारे एवढेच लिहिले आणि डिसेंबरअखेरीस त्या यादीकडे मोठ्या समाधानाने पाहिले. अलीकडे माळ्यावरचा पसारा आवरताना ती वही पुन्हा हाती लागली, तेव्हा असे दिसले की त्यातील ११ पुस्तकांविषयी मला आज एकही गोष्ट आठवत नाही आणि त्या अकरांपैकी चारांपुढे तर पाचही तारे दिलेले आहेत. पुस्तकाचे नाव, लेखक आणि पृष्ठसंख्या ही माहिती पुस्तकावर छापलेलीच असते आणि कोणत्याही वाचनालयाच्या सूचीत ती पुन्हा मिळते. जे फक्त मलाच माहीत होते, म्हणजे ते पुस्तक माझ्या हाती कसे आले, त्यातील कोणत्या जागी मी थांबलो आणि ते का आवडले किंवा का खटकले, ते मात्र मी कुठेच लिहिले नव्हते. पुढील सूचना त्या चुकीनंतरच्या वर्षांत हळूहळू ठरत गेल्या आहेत.

वही की संगणक

पहिल्या वर्षी वहीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. संगणकावरील तक्ता शोधायला आणि बेरजेला सोयीचा असतो यात शंका नाही, परंतु रात्री पुस्तक मिटल्यावर संगणक उघडण्याचा कंटाळा हा सवय मोडण्याचे पहिले कारण ठरतो. वही उशाशी राहते. ती शिवलेल्या बांधणीची, फुलस्केप आकाराची आणि आडव्या रेघांची असावी. तारेच्या स्पायरलची वही दिसायला आकर्षक असली तरी वर्षभराच्या उघडझाकीत तिची पाने सुटू लागतात. कार्यालयात हजेरीसाठी किंवा आवक-जावकासाठी वापरतात तसे पुठ्ठाबांधणीचे रजिस्टर मिळाले तर सर्वात उत्तम, कारण त्यात उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन्ही पाने मिळून एक लांब ओळ आखता येते.

वर्ष कधी सुरू करावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. व्यापारी मंडळी दिवाळीत नवी चोपडी पूजतात आणि काही वाचक त्याच हिशेबाने पाडव्याला नवी वही काढतात. मी मात्र १ जानेवारी हीच तारीख धरतो, कारण वाचनालयाची वर्गणी, प्रकाशकांच्या सवलती आणि पुस्तकावर छापलेले आवृत्तीचे वर्ष या साऱ्यांचा मेळ इंग्रजी वर्षाशी बसतो. वर्ष मध्येच, समजा जुलैमध्ये, सुरू केले तरी काही बिघडत नाही. फक्त मागील सहा महिन्यांची पुस्तके आठवून आठवून भरण्याच्या फंदात पडू नये, कारण तशा नोंदींत तारखा अंदाजाने लिहिल्या जातात आणि पुढे खऱ्या तारखा कोणत्या व अंदाजाच्या कोणत्या हे आपल्यालाच कळेनासे होते.

रकाने आखणे

डाव्या पानावर माहिती आणि उजव्या पानावर मजकूर अशी विभागणी करावी. डाव्या पानावर सहा रकाने पुरेसे आहेत: अनुक्रमांक, सुरू केल्याची तारीख, संपल्याची किंवा सोडल्याची तारीख, पुस्तक व लेखक, आवृत्ती आणि ‘कुठून’. उजवे पान पूर्ण मोकळे ठेवावे आणि प्रत्येक पुस्तकाला तेथे चार-पाच ओळी द्याव्यात. उत्साहाच्या भरात प्रकार, भाषा, पाने, किंमत, प्रकाशक, गुण असे बारा-पंधरा रकाने आखणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. फेब्रुवारीपर्यंत त्यांतील निम्मे रकाने रिकामे राहू लागतात आणि रिकाम्या रकान्यांची वही उघडण्याचा पुढे कंटाळा येतो.

या सहा रकान्यांपैकी तीन रकान्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे.

अनुक्रमांक हा पुस्तक सुरू करताना लिहू नये, तर ते संपल्यावर लिहावा. ओळ मात्र पहिल्याच दिवशी भरावी. असे केल्याने एकाच वेळी तीन पुस्तके चालू असली तरी तिन्ही डोळ्यांसमोर राहतात आणि अनुक्रमांकाची रिकामी चौकट कोणते पुस्तक रेंगाळले आहे ते सांगते. डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपलेले पुस्तक जानेवारीच्या वर्षात मोजावे. हा नियम एकदा ठरला की पुन्हा त्यावर विचार करावा लागत नाही.

आवृत्तीचा रकाना नवख्या वाचकाला अनावश्यक वाटतो, परंतु मराठी पुस्तकांच्या बाबतीत त्याचा उपयोग लवकरच समजतो. मुखपृष्ठ उलटल्यावर श्रेयपानावर ‘पहिली आवृत्ती’, ‘दुसरी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ अशा ओळी असतात. आवृत्ती बदलताना मजकुरात किंवा प्रस्तावनेत भर पडलेली असू शकते, तर पुनर्मुद्रणात सहसा तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो. पहिल्या आवृत्तीचे वर्ष आणि आपल्या हातातील प्रतीचे वर्ष अशी दोन वर्षे लिहावीत. जुन्या पुस्तकावर केवळ शकाचे वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवावेत. मात्र महिना माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. उदाहरणार्थ, चैत्र शके १८५२ म्हणजे १९३० आणि माघ शके १८५२ म्हणजे १९३१. नव्या पुस्तकांवर तेरा आकडी आयएसबीएन असतो आणि भारतात प्रकाशित झालेल्या पुस्तकांत तो बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. तो लिहून ठेवल्यास नेमकी तीच आवृत्ती पुन्हा मागवता येते. जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतोच, तेव्हा तेथे प्रकाशक व वर्ष यांवर भागवावे.

‘कुठून’ या रकान्यात पुस्तक विकत घेतले, वाचनालयातून आणले, कोणाकडून उसने आणले की भेट मिळाले हे लिहावे आणि शक्य असेल तर कोणाच्या सांगण्यावरून ते वाचायला घेतले हेही लिहावे. हा सर्वात स्वस्त आणि वर्षअखेरीस सर्वात बोलका ठरणारा रकाना आहे. वाचनालयाचे पुस्तक असेल तर आतील पानावर शिक्क्याजवळ लिहिलेला दाखल क्रमांक टिपून घ्यावा. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. अशा जुन्या संस्थांच्या कपाटांत बाजारात न मिळणारी पुस्तके असतात आणि काही वर्षांनी तीच प्रत पुन्हा हवी झाली तर नुसत्या नावापेक्षा दाखल क्रमांक सांगणे ग्रंथपालालाही सोपे जाते.

चिठ्ठी

नोंद नेमकी केव्हा करायची, यावर ही सवय टिकणे वा न टिकणे अवलंबून असते. वाचता वाचता वही उघडणे कोणालाच जमत नाही आणि पुस्तक संपल्यावर लिहू म्हटले तर मधले सारे विसरलेले असते. यावर मला सापडलेला उपाय चिठ्ठीचा आहे. घरात जमलेल्या जुन्या लग्नपत्रिका घ्याव्यात, त्यांचा जाड कागद साधारण चार बोटे रुंद आणि वीतभर लांब पट्ट्यांत कापावा आणि मागची कोरी बाजू वापरावी. प्रत्येक पुस्तकात अशी एक पट्टी खूण म्हणून ठेवावी. पट्टीच्या डोक्यावर सुरू केल्याची तारीख लिहावी आणि वाचताना जिथे थांबावेसे वाटेल तिथे फक्त पान क्रमांक आणि एक-दोन शब्द लिहावेत: ‘८३ विहीर’, ‘१४० पत्र, शेवटची ओळ’, ‘२०१ पटले नाही’. याहून जास्त काही नको.

पुस्तक संपल्यावर त्या पट्टीवर साधारणपणे पाच ते दहा टिपा जमलेल्या असतात. वाचनालयाचे पुस्तक बदलायला निघण्यापूर्वी, म्हणजे ते पिशवीत टाकण्याआधी, ही पट्टी समोर ठेवून वहीत नोंद करावी. ‘वही भरल्याशिवाय पुस्तक घराबाहेर जाणार नाही’ हा एकच नियम मी कसोशीने पाळतो. स्वतःच्या मालकीच्या पुस्तकाच्या बाबतीत ते कपाटात परत ठेवण्याचा क्षण हाच नोंदीचा क्षण समजावा. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलनेसुद्धा खुणा करण्याची गरज या पद्धतीत राहत नाही, हा तिचा आणखी एक फायदा.

उजव्या पानावर काय लिहावे

येथे नवखा वाचक सर्वाधिक अडखळतो, कारण त्याला वाटते की परीक्षण लिहायचे आहे. परीक्षण लिहायचे नाही. पुढे पाच वर्षांनी ही ओळ वाचली असता पुस्तक डोळ्यांसमोर उभे राहिले पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचली असे समजू. ‘अतिशय सुंदर कादंबरी. ग्रामीण जीवनाचे प्रभावी चित्रण. सर्वांनी जरूर वाचावी.’ ही नोंद खोटी नाही, परंतु ती शंभर पुस्तकांना चालेल आणि म्हणून ती या पुस्तकाला चालत नाही. आता ही दुसरी नोंद पाहावी: ‘माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. वाडीकर मिळून तालीम बांधतात. मग दुष्काळ पडतो आणि माणसे वाडी सोडून जातात. मास्तर बोलतो थोडे, पाहतो जास्त. एका दुपारी गाडीत बसून संपवली, शेवटची पाने वाचताना उतरायचे स्टेशन मागे गेले.’ या नोंदीत कथा आहे, वाचणाऱ्याने टिपलेली एक गोष्ट आहे आणि वाचण्याची जागाही आहे. यांपैकी तिसऱ्या गोष्टीला मी अधिक महत्त्व देतो. पुस्तक कुठे वाचले, तेव्हा घरात काय चालले होते, पाऊस होता की परीक्षा होत्या, हे लिहायला अर्धी ओळ पुरते आणि आठवण जागी करण्याचे काम बहुतेक वेळा तीच अर्धी ओळ करते.

तारे किंवा गुण देऊ नयेत असे मी म्हणणार नाही, पण पहिल्या वर्षी ते टाळावेत. गुण दिले की त्याखाली कारण लिहिण्याची निकड संपते. द्यायचेच असतील तर ‘पुन्हा वाचीन’, ‘दुसऱ्याला देईन’ आणि ‘दोन्ही नाही’ असे तीनच शेरे ठेवावेत, कारण त्यांचा अर्थ दहा वर्षांनीही बदलत नाही, तर २०११ मधले माझे चार तारे आणि आजचे माझे चार तारे यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही.

अनुवादित पुस्तकाच्या नोंदीत अनुवादकाचे नाव मूळ लेखकाच्या बरोबरीने लिहावे. मराठी वाचकाने भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या वाचल्या त्या प्रामुख्याने उमा कुलकर्णी यांच्या मराठीतून. म्हणजे आपण एका लेखकाच्या मागे गेलो असे वाटत असताना प्रत्यक्षात दोघांच्या मागे गेलेले असतो. माझ्या वहीत एका वर्षी असे दिसून आले की मला आवडलेली तीन वेगवेगळ्या लेखकांची पुस्तके एकाच अनुवादकाची होती, आणि पुढील वर्षीची निवड मी त्या नावावरून केली.

रकान्यात न बसणारे वाचन

सगळे वाचन पुस्तकाच्या आकारात येत नाही आणि मराठी घरात तर मुळीच येत नाही.

पहिली अडचण दिवाळी अंकांची. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा वाचनाच्या नोंदवहीला मात्र गैरसोयीची आहे, कारण अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्वचितच कोणी वाचतो. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत एकामागून एक अंक घरी येतात, दोन कथा आणि एक लेख वाचून होतो, तोच अंक बदलण्याची तारीख येते. हे सत्र पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते. पूर्ण अंकाला एक ओळ दिली तर न वाचलेल्या दोनशे पानांचेही श्रेय आपण घेतो आणि ओळच दिली नाही तर त्या वर्षी वाचलेली कदाचित सर्वात चांगली कथा वहीत येतच नाही. म्हणून वहीची शेवटची आठ-दहा पाने दिवाळी अंकांसाठी राखून ठेवावीत. तेथे अंकाचे नाव व वर्ष मथळ्यात लिहून त्याखाली प्रत्यक्ष वाचलेल्या कथा, लेख व कविता त्यांच्या लेखकांसह नोंदवाव्यात. यांना अनुक्रमांक देऊ नयेत. या पानांचा खरा उपयोग नंतर होतो: अंकात आवडलेली कथा दोन-तीन वर्षांनी संग्रहात येते, तेव्हा ती आधी कुठे वाचली होती ते सापडते.

दुसरी अडचण नित्यवाचनाची. ज्ञानेश्वरीचे सात दिवसांचे पारायण असेल तर ते एका ओळीत बसते. रोज थोडे वाचायचे असेल तर मात्र ओळीपेक्षा चौकटी बऱ्या. दासबोधाचे २० दशक आणि प्रत्येक दशकात १० समास, असे एकूण २०० समास आहेत. वहीच्या एका पानावर वीस आडव्या आणि दहा उभ्या अशा चौकटी आखाव्यात आणि समास वाचून झाला की त्याच्या चौकटीत तारीख लिहावी. रोज एक याप्रमाणे २०० दिवसांत पान भरते. खाडे झालेले दिवस तारखांमधून आपोआप दिसतात आणि त्यासाठी वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. ही पद्धत मी माझ्या आत्याकडे पाहिली. तिची चौकटींची पाने देव्हाऱ्यातल्या पोथीच्याच घडीत असत.

कवितासंग्रह संपला असे कधी म्हणायचे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. मी संग्रह उघडल्याची तारीख लिहितो, संपल्याचा रकाना आडवी रेघ मारून बंद करतो आणि उजव्या पानावर आवडलेल्या कवितांच्या पहिल्या ओळी लिहितो. ऐकलेले पुस्तक हेही वाचनच आहे की नाही यावर वाद घालण्यात वेळ न दवडता ते नोंदवावे. फक्त आवृत्तीच्या रकान्यात तास-मिनिटे आणि वाचणाऱ्या कलाकाराचे नाव लिहावे आणि तासांची पाने करण्याचा खटाटोप करू नये. ई-पुस्तकात अक्षरांचा आकार बदलला की पडद्यावरची पाने बदलतात, तेव्हा चिठ्ठीवर पान क्रमांकाऐवजी प्रकरण लिहावे. पुन्हा वाचलेल्या पुस्तकाला नवा अनुक्रमांक द्यावा आणि त्यापुढे ‘पु.’ असे लिहून आधीच्या नोंदीचे वर्ष व क्रमांक द्यावा. एकाच कादंबरीच्या दोन वेळच्या नोंदी शेजारी ठेवून वाचणे हा या वहीतला सर्वात मोठा आनंद आहे, पण त्यासाठी वाट पाहावी लागते.

वर्तमानपत्रे, रविवारच्या पुरवण्या आणि मोबाइलवर येणारे लेख यांची नोंद करू नये. ज्यांनी हे करून पाहिले त्यांची वही मार्चच्या आत बंद पडली, त्यात मीही आहे.

सोडलेली पुस्तके

अर्धवट टाकलेल्या पुस्तकाची नोंद पूर्ण वाचलेल्या पुस्तकाइतकीच काळजीने करावी. संपल्याच्या रकान्यात तारखेआधी ‘सो.’ असे लिहावे आणि उजव्या पानावर कितव्या पानावर सोडले व का, हे एका वाक्यात लिहावे. कारण प्रामाणिक असावे. ‘कंटाळवाणे’ हे कारण पुरेसे नाही. ‘पात्रांची नावे लक्षात राहत नव्हती’, ‘टाइप फार बारीक’, ‘परत करण्याची तारीख आली’, ‘मुद्रणदोष इतके की लक्ष लागेना’ ही कारणे आहेत. यांतील काही कारणांचा दोष पुस्तकाकडे नाही, हे वर्षभराने सोडलेल्या पुस्तकांची यादी एकत्र वाचल्यावर दिसते, आणि मग त्यांतील दोन-तीन पुस्तके मोठ्या टाइपातल्या नव्या आवृत्तीत किंवा सुट्टीच्या दिवसांत पुन्हा घेता येतात.

वर्षाला अमुक पुस्तके असे उद्दिष्ट पहिल्या वर्षी ठेवू नये, असे मी या सोडलेल्या पुस्तकांच्या अनुभवावरूनच सांगतो. आठवड्याला एक या हिशेबाने एका वर्षी मी ५२ पुस्तकांचा संकल्प सोडला होता. ऑक्टोबरअखेर ३६ झाली होती. त्यानंतरच्या दोन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या तर शंभर पानांवरचे एकही पुस्तक त्यांत नाही, आणि आधी रंगात आलेला एक सहाशे पानी आत्मचरित्राचा ग्रंथ ‘सो.’ असा शेरा घेऊन पडलेला आहे. संकल्प पूर्ण झाला, वाचन मात्र बिघडले.

नंतर संगणकावर नेताना

एक वर्ष वही नीट चालली की दुसऱ्या वर्षापासून डावे पान गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये उतरवण्यास हरकत नाही. उजवे पान वहीतच राहू द्यावे. देवनागरीत तक्ता करताना काही खाचखळगे आधीच ठाऊक असलेले बरे.

पहिला खाचखळगा लेखकाच्या नावाचा. ‘जी. ए. कुलकर्णी’, ‘जी.ए. कुलकर्णी’ आणि ‘जी ए कुलकर्णी’ ही आपल्या दृष्टीने एकच व्यक्ती असली तरी तक्त्याच्या दृष्टीने ते तीन लेखक आहेत. टिंबानंतर जागा सोडायची की नाही, हे सुरुवातीलाच ठरवून वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवावे. टोपणनावांचाही प्रश्न येतो: कवितेवर ‘कुसुमाग्रज’ आणि नाटकावर ‘वि. वा. शिरवाडकर’ असे असते. अशा वेळी पुस्तकावर जे छापले आहे ते एका रकान्यात आणि मूळ नाव शेजारच्या रकान्यात लिहावे.

दुसरा खाचखळगा अक्षरांचा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲ’ हे अक्षर एकाच कळीने येऊ शकते किंवा ‘अ’ला चंद्र जोडूनही तयार होते; ‘दुसऱ्या’मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते वेगवेगळे संकेत आहेत, त्यामुळे मोबाइलवर टंकलेले नाव संगणकावर टंकून शोधले तर सापडेलच असे नाही. एकाच कळफलकावरून नोंदी कराव्यात आणि आधी एकदा लिहिलेले नाव पुन्हा टंकण्याऐवजी त्याचीच नक्कल करून घ्यावी. ज्या आकड्यांची बेरीज करायची आहे ते आकडे इंग्रजी अंकांतच लिहावेत. तारखांसाठी तक्त्याच्या सेटिंगमध्ये प्रदेश म्हणून भारत निवडावा, अन्यथा ५ मार्चची ३ मे होते आणि ते डिसेंबरपर्यंत लक्षात येत नाही.

गुडरीड्ससारखी संकेतस्थळे इंग्रजी वाचनासाठी सोयीची आहेत. मराठी पुस्तके तेथे काही देवनागरीत, काही रोमन लिपीत आणि काही एकाच पुस्तकाच्या दोन-दोन नोंदींच्या रूपात सापडतात, म्हणून तेथे शोधताना दोन्ही लिप्यांत शोधावे. तेथील आपली यादी अधूनमधून उतरवून घ्यावी. ती सीएसव्ही फाइलच्या स्वरूपात येते आणि थेट एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे दिसण्याची शक्यता असते. फाइल खराब झालेली नसते. ती गूगल शीट्समध्ये उघडावी किंवा एक्सेलमध्ये आयात करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा.

महिनाअखेर आणि वर्षअखेर

महिन्याच्या शेवटी दहा मिनिटे पुरतात. चालू पुस्तकांच्या रिकाम्या चौकटी पाहाव्यात, पुस्तकांत अडकून राहिलेल्या चिठ्ठ्या गोळा कराव्यात आणि कोणाला काही पुस्तक दिले असल्यास ते वहीच्या अगदी शेवटच्या पानावर नोंदवावे. ‘परहस्तगतं गतम्’ असे सुभाषितकाराने सांगून ठेवले आहेच, पण नाव व तारीख लिहिलेले पुस्तक परत मागताना संकोच थोडा कमी होतो, एवढे अनुभवावरून सांगता येते.

वर्षअखेरीस मात्र एक पूर्ण दुपार काढावी. एकूण संख्या मोजायला दोन मिनिटे लागतात आणि तिच्यातून फारसे काही कळत नाही. त्याऐवजी पुढील गोष्टी मोजाव्यात: ‘कुठून’च्या रकान्यातून विकत घेतलेली किती आणि त्यांपैकी वाचलेली किती, मूळ मराठी किती आणि अनुवादित किती, स्त्रियांनी लिहिलेली किती, पहिल्या आवृत्तीचे सर्वात जुने वर्ष कोणते, आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतलेली पुस्तके ‘सो.’मध्ये गेली नाहीत. या शेवटच्या मोजणीतून मला असे आढळले की वर्तमानपत्रातील परीक्षणे वाचून घेतलेल्या सात पुस्तकांपैकी मी चार सोडली होती, तर आमच्या वाचनालयातील काउंटरवर बसणाऱ्या काकूंनी ‘हे न्या’ म्हणून हातात ठेवलेल्या नऊपैकी एकही सोडलेले नव्हते. तेव्हापासून पुस्तक बदलायला मी त्यांची पाळी असेल त्याच वेळी जातो.

ही मोजणी वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानाखाली लिहावी. त्यानंतर नव्या वहीच्या पहिल्या पानावर, हिशेबाच्या चोपडीत शिल्लक पुढे ओढतात त्याप्रमाणे, ‘मागील वहीवरून’ असा मथळा देऊन अर्धवट राहिलेली पुस्तके उतरवावीत: नाव, सुरू केल्याची मूळ तारीख आणि ज्या पानावर चिठ्ठी आहे ते पान. जुन्या वहीत त्या ओळींपुढे ‘पुढे नेले’ असे लिहावे. मग जुन्या वहीच्या कण्यावर पांढरा कागद चिकटवून त्यावर ठळक अक्षरांत वर्ष लिहावे आणि ती पुस्तकांच्याच कपाटात ठेवावी, माळ्यावर नव्हे.